मापावरची शीग

शाळेच्या ओसरीवर त्या सकाळी घरोघरची भांडी जमली होती. पातेली, डबे, बरण्या, एक चेपलेला जग आणि कान तुटलेली एक किटली. प्रत्येकाने घरातले एक भांडे आणायचे, असे बाईंनी आदल्या दिवशी सांगितले होते; आणि हरवले तरी आई ओरडणार नाही असेच भांडे प्रत्येकाने निवडले असल्यामुळे त्यांतले एकही धड नव्हते.

बाईंनी एक उंच, अरुंद बरणी आणि एक पसरट पातेले शेजारी शेजारी ठेवले.

"कशात जास्त मावेल?"

"बरणीत," वर्ग एका सुरात म्हणाला.

"का?"

"उंच आहे म्हणून."

"दारातला दिव्याचा खांब त्याहून उंच आहे. त्यात किती मावतं?"

मुले हसली. बाईंनी पहिल्या रांगेतल्या मुलीच्या हातात पेला दिला. तिला बाई शंकासूर म्हणत, कारण शंका विचारल्याशिवाय ती पाणीसुद्धा पीत नसे. तिच्या शेजारी खळ्याच्या मालकांचा नातू बसे. मुले त्याला 'धाकले मालक' म्हणून चिडवीत आणि तो दर वेळी नव्याने चिडे. शंकासूर पेल्याने पाणी ओतू लागली, धाकले मालक मोठ्याने मोजू लागले. बरणी लवकर भरली. पातेले मात्र पेल्यामागून पेला पोटात घेत राहिले. मुलांचे चेहरे हळूहळू बदलत गेले. ते बदलणारे चेहरे पाहण्यासाठीच बाई हा पाठ दरवर्षी घेत.

"डोळ्यांवर जाऊ नका," त्या म्हणाल्या. "डोळा उंची बघतो, पोट बघत नाही. ओता आणि मोजा."

"बाई, काठापर्यंत भरायचं, की वर शीग आणायची?" शंकासूरने विचारले.

"पाण्याला शीग कुठून येणार गं?"

वर्ग पुन्हा हसला. शंकासूरही हसली, पण हातातल्या पेल्याकडे बघत.

पाठ संपत आला असताना मालक स्वतः ओसरीच्या पायरीशी येऊन उभे राहिले. पायातल्या वहाणांचा चिखल त्यांनी पायरीच्या कडेला निपटला. कापणीच्या तोंडावर पडलेल्या पावसाने त्यांचे निम्मे पीक काळे पडले होते आणि त्या दिवसांपासून त्यांच्या गालांची हाडे वर आली होती.

"बाई, एक काम होतं. तुमच्याच विद्येतलं."

काम असे होते. खळ्यावर मळणीला येणाऱ्या माणसांना रोजची मजुरी धान्यात मिळे. माणशी एक माप, वर शीग लावून, म्हणजे काठावर दाण्यांची टेकडी रचून. ते माप लाकडी होते, बसके आणि रुंद तोंडाचे, मालकांच्या आजोबांच्या वेळचे. पावसात ते फुगले आणि उन्हात तडकले. मालकांनी बाजारातून लोखंडी माप आणले होते. ते उंच आणि अरुंद होते, बाजूला धरायला कडी होती. बायकांनी ते पाहून काम थांबवले होते.

"मी सांगितलं तर त्यांना पटायचं नाही," मालक म्हणाले. "तुमची आई त्यांच्यातच आहे. तुम्ही मोजून सांगा. जे निघेल ते मला मान्य."

बाईंनी पोरांकडे पाहिले. नुकताच शिकलेला पाठ असा लगेच गावाच्या उपयोगी पडावा, याहून चांगले काय होते?

खळ्यावर मुलांनी लाकडी मापाची भेग भिजवलेल्या मातीने लिंपली, ती वाळेपर्यंत कशीबशी दम धरला आणि मग दोन्ही मापे पेल्याने पाणी ओतून भरली. बायका कडेने उभ्या होत्या. त्यांच्या केसांत, भुवयांत, मानेच्या वळ्यांत भुसा होता. बाईंची आई हातातले सूप पोटाशी धरून मागे उभी होती.

लाकडी मापात तीस पेले मावले. लोखंडी मापात तीस मावले आणि वर थोडी जागा राहिली.

"दोन्ही सारखी आहेत," बाईंनी सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले. "झालंच तर नवीन माप थोडं मोठंच आहे."

"दिसायला तर बारकं दिसतं," एक जण म्हणाली. ही शंकासूरची आई. तिच्या तोंडाला कोणी लागत नसे, म्हणून सगळे तिला वाघीण म्हणत.

"दिसण्यावर जाऊ नका. डोळे फसवतात. तुमच्या मुलीनेच मोजलंय."

वाघीण मुलीकडे पाहू लागली. मुलीने मान डोलावली. बायका कामाला लागल्या. बाईंच्या आईने सूप उचलले आणि शेजारणीला, जणू सहज बोलावे तसे, म्हणाली, "पाठ्यपुस्तकात असतं म्हणे हे सगळं."

मळणी पुढे सरकू लागली. भिजून सुकलेले पीक चिवट झाले होते. एरवी एका फेरीत सुटणारा दाणा आता बडवून काढावा लागे. बाईंची आई सकाळी बडवायला बसे आणि वारा सुटला की उपणायला उभी राही. खांदे डोक्याच्या वर न्यायचे आणि सूप हळूहळू कलते करायचे. दिवसभरात किती वेळा, ते तिच्या खांद्यांनाच ठाऊक. काळ्या पडलेल्या दाण्यांची धूळ घशात बसे. घरी आल्यावर ती बराच वेळ खाकरत राही आणि मग हात वर होईनात म्हणून केस तसेच भुशासकट बांधून टाकी.

बाईंचे वडील या हंगामात खळ्यावर नव्हते. पावसात पाय घसरून त्यांचे मनगट मोडले होते. ते दारात बसून डाव्या हाताने आलेले धान्य निवडत. उजवा हात फळीला बांधलेला, मांडीवर पाहुण्यासारखा ठेवलेला असे.

मजुरीचे धान्य आई एका जुन्या चौकोनी फडक्यात बांधून आणी. चार टोके वर घेऊन ती गाठ मारी. ही गाठ कित्येक हंगाम जेमतेम बसत आली होती. टोके इतकी अपुरी पडत, की ती दातांनी ओढून घट्ट करावी लागत. आता गाठीच्या वर चारही टोके फुलासारखी मोकळी उरत. आई ती टोके खाली दुमडून आत खोचे.

हे वडिलांच्या नजरेत आले.

"फडकं ताणलं का गं?" त्यांनी एकदा विचारले.

"जुनं झालंय. जुनं कापड ताणतं," आई म्हणाली आणि धान्य डब्यात ओतू लागली. बाई आत वह्या तपासत होत्या. आईने डबा हलवला नाही, ठोकला नाही, त्याच्यात किती आले हे वाकून पाहिले नाही. एरवी ती रोज पाहात असे.

बाजाराच्या दिवशी विहिरीवर वाघिणीने आईला गाठले. भोवती पाणी भरायला आलेल्या बायका होत्या.

"काय गं, तुझ्या लेकीला एक विचार माझ्यातर्फे. माप सारखं, मग घरी आल्यावर माझा डबा का भरत नाही? बाईंच्या शाळेत पाणी मोजतात, माझ्या घरी दाणे शिजतात."

"मोजलं ते तुझ्याच पोरीने," आई म्हणाली.

"पोरीने मोजलं, पण तोंड तुझ्या लेकीचं होतं. मालकांनी तिला शाळेत बसवलीय, मालकांच्या मापाला ती वाईट म्हणेल कशी?"

बायका हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरे, असे आईला वाटले. तिने भरलेली घागर कमरेवर घेतली. घागर ओली होती आणि घरी पोचेपर्यंत आईच्या एका बाजूचे सगळे कपडे भिजले होते.

घरी तिने काही सांगितले नाही. शेजाऱ्याकडून वडिलांना कळले आणि जेवताना त्यांनी ते ताटात वाढावे तसे मधोमध ठेवले.

बाईंचा घास हातात राहिला. "मी खोटं सांगितलं असं म्हणाली ती?"

"तसं नाही म्हणाली," आई म्हणाली.

"तसंच म्हणाली," वडील म्हणाले.

"मी शाळेचा पेला घेऊन मोजलंय, आई. तुमच्या सगळ्यांसमोर. दोन्हींत तीस. पाहिजे तर उद्या परत मोजते."

"मोजू नकोस. तीसच येतील. तू बरोबरच मोजलं असशील."

"मग?"

आईने फडके पुढे केले. "पूर्वी ह्याची गाठ दातांनी ओढावी लागायची. का, ते मला सांगता येत नाही. मी काही खोटं बोलत नाही आणि तूही बोलत नाहीस. पण दाणे कमी येतात, पोरी."

बाई फडक्याकडे पाहात राहिल्या. त्या रात्रभर रागावलेल्या होत्या. आधी वाघिणीवर, मग आईवर, आणि सकाळी शाळेचे कुलूप उघडताना, कोणावर ते त्यांना नीट सांगता आले नसते.

वर्गात त्यांनी पुन्हा मापांचाच पाठ काढला. या वेळी पाण्याऐवजी वाळू घेतली. दोन-दोन मुलांना दोन भांडी दिली आणि कोणती सारख्या मापाची आहेत ते शोधायला सांगितले. शंकासूर आणि धाकले मालक यांच्या वाट्याला एक पसरट वाडगा आणि एक उंच डबा आला. हे दोन बाईंनी आधी पाण्याने मोजून ठेवले होते. दोन्हींत पाच-पाच पेले मावत.

दोघांनी पाटी आणून दाखवली. वाडगा सात, डबा साडेपाच.

"चूक," बाईंनी पाटीवर फुली मारली. "नीट मोजा."

ती दोघे परत गेली, परत आली. वाडगा सात, डबा साडेपाच.

"अरे, सारखी आहेत ती. मी स्वतः मोजलीत." दुसरी फुली पडली.

"बाई, तो मोजताना चुकत नाही," शंकासूर म्हणाली. तिचे नाक लाल झाले होते. "आणि मी सांडत नाही."

धाकले मालक आपल्या पायांकडे बघत होते.

बाई उठल्या. "चला, माझ्यासमोर करा."

शंकासूरने वाडगा भरला. वाळू काठाला आली तरी ती थांबली नाही. ओंजळीने वर घालत राहिली, घरंगळणारी वाळू हाताच्या कडेने सावरत राहिली, आणि वाडग्यावर एक टेकडी उभी राहिली. मग तिने डबा तसाच भरला. डब्याच्या अरुंद तोंडावर टेकडी धरेना. मूठभर वाळू बसली की पुढची चहूकडून खाली घसरे.

"हे असं का भरलंस? काठापर्यंत म्हणून सांगितलं होतं ना?"

"पाण्याला सांगितलं होतं, बाई. ही वाळू आहे. आई असंच भरते."

बाई उकिडव्या बसल्या. वाडग्यावरची टेकडी आणि डब्यावरचे टेंगूळ, दोन्ही त्यांच्या डोळ्यांसमोर होते. बाहेर शाळेच्या कुंपणापलीकडे खळ्यावर बडवण्याचा आवाज येत होता. बाई रागावल्या आहेत की काय, हे मुलांना कळेना.

"पाटी आण," बाई म्हणाल्या.

पाटीवरच्या दोन्ही फुल्या त्यांनी तळहाताने पुसल्या आणि तिथे बरोबरची खूण केली. तळहात पांढरा झाला. तो झटकायचे त्यांना सुचले नाही.

मधल्या सुट्टीत त्या मालकांच्या दारी गेल्या. मालक ओसरीवर काळे पडलेले दाणे बोटांनी चाळत बसले होते. बाईंनी काय घडले ते सांगितले. सांगताना एकदाही आवाज खाली आला नाही.

मालकांनी सगळे ऐकून घेतले. "म्हणजे माप सारखं नाही?"

"माप सारखं आहे. शीग सारखी नाही. तोंड जितकं रुंद, तितकी वर शीग जास्त बसते. मी पाणी मोजलं. पाण्याला शीग नसते. तिथेच चुकले मी."

"मला हे ठाऊक नव्हतं, बाई. कडी होती, उचलायला सोपं, म्हणून घेतलं."

"मी कुठे म्हणते, ठाऊक होतं म्हणून? आता मात्र दोघांनाही ठाऊक झालंय."

मालकांनी हातातले दाणे खाली टाकले. "ठरलंय ते माप. शीग ही रीत आहे, कोणाचा करार नाही. यंदा माझंच निम्मं पाण्यात गेलंय. तुम्ही गावासमोर सांगितलंत, सारखं आहे. आज उठून उलटं सांगाल, तर उद्या तुमच्या शिकवण्यावर कोण विश्वास ठेवेल? पुढल्या महिन्यात तुमची नेमणूक समितीपुढे येते. लोक मला विचारतील."

मालक शाळा समितीचे अध्यक्ष होते. बाई हंगामी होत्या आणि दरवर्षी त्या महिन्यात त्यांना याच ओसरीवर यावे लागे.

"विचारतील तेव्हा सांगा, बाई चुकल्या होत्या म्हणून," त्या म्हणाल्या. "आज मजुरी वाटायच्या वेळी मी खळ्यावर येते. तुम्हाला आधी सांगावं म्हणून आले."

घरी वडिलांनी ऐकून मोडका हात दुसऱ्या हाताने उचलून घेतला. दुखत असे तेव्हा ते असे करत. "तुझा पगार आहे म्हणून या हाताला दवा आहे. जरा दमाने घे. हंगाम संपत आलाय, पुढच्या वर्षी गोडीने सांगू मालकांना."

"पुढच्या वर्षीपर्यंत आईने रोज टोकं दुमडायची?"

वडिलांनी डब्याकडे पाहिले. मग म्हणाले, "मी येतो बरोबर. एका हाताने पेला धरता येतो."

दिवस कलताना बाई खळ्यावर पोचल्या. मागे वडील, त्यांच्यामागे वर्गातली मुले. बायका मजुरीसाठी रांगेत बसल्या होत्या. मालक लोखंडी मापाजवळ उभे होते. आज मोजणाऱ्याला दूर करून त्यांनी माप स्वतःच्या हाती घेतले होते.

वाघिणीने तोंड उघडले. "आल्या बाई. आज काय मोजायचंय? वारा?"

"आज माझी चूक मोजायचीय," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात डबा भरत नाही. ते खरं होतं. मी तुम्हाला डोळ्यांवर जाऊ नका म्हटलं आणि स्वतः पाण्यावर गेले. तुमचं जुनं माप कुठे आहे?"

दोघी-तिघींनी वळून वाघिणीकडे पाहिले. मग ती स्वतःच उठली, गोठ्याच्या भिंतीला टेकवलेले लाकडी माप उचलून आणले आणि बाईंच्या पायाशी ठेवले.

"उद्या करा हे," मालक म्हणाले. "लोकांना घरी जायचंय."

कोणीही उठले नाही. बाईंची आई मांडीवर फडके पसरून बसली होती आणि त्याच्यावरून हात फिरवत होती.

शंकासूरने लाकडी माप भरले. ओंजळीमागून ओंजळ पडत गेली, दाणे कडेने घरंगळून थांबले आणि सगळ्या जणींच्या ओळखीची ती जुनी शीग, रुंद आणि भरदार, मापावर उभी राहिली. एक म्हातारी "हं" म्हणाली. बाईंनी शीग सपाट हाताने फडक्यावर उतरवली. वडिलांनी डाव्या हाताने पेला भरायला सुरुवात केली. धाकले मालक मोजू लागले. सुरुवातीला त्यांचा आवाज तोंडातल्या तोंडात होता.

"मोठ्याने," बाई म्हणाल्या. "वर्गात मोजतोस तसं."

त्याने आजोबांकडे पाहिले. आजोबा मापाच्या कडीकडे पाहात होते. त्याने मोठ्याने मोजले. लाकडी मापावरची शीग नऊ पेले भरली. लोखंडी मापावरची तीन.

"रोज माणशी सहा पेले कमी," बाई म्हणाल्या. "बाकी तीस तेच आहेत. तेवढंच मी आधी पाहिलं होतं."

मालकांनी वाकून लाकडी मापाची भेग अंगठ्याने चाचपली. मुलांनी लिंपलेली माती अंगठ्याला लागली.

"ह्या मापाने दिलं तर भेगेतून सांडत जाईल," ते म्हणाले.

"लोखंडीच राहू दे. कडी आहे, उचलायला सोपं," बाई म्हणाल्या. "वर सहा पेले घाला. पेला शाळेचा आहे, तो मापाच्या कडीला बांधून ठेवा. हंगाम संपला की परत द्या. वर्गाला लागतो."

मालकांनी नातवापुढे हात केला. त्याने बाईंच्या वडिलांकडून पेला घेऊन दिला. मालकांनी पहिले माप भरले, वर त्या मापाची जी काय शीग बसायची ती बसवली, आणि रांगेतल्या पहिल्या बाईच्या फडक्यात ओतून वर सहा पेले घातले. नातू मोजत होता. चौथ्या पेल्याला मालकांनी तो थोडा कमी भरलेला पाहिला, परत राशीत बुडवला आणि काठोकाठ भरून घेतला.

"आणि झाले ते दिवस?" वाघिणीने विचारले.

"झालं ते झालं," मालक मान वर न करता म्हणाले. "बाईंनीच सांगितलं होतं तेव्हा."

"चूक माझी होती," बाई म्हणाल्या. "पण धान्य तुमच्या कोठारात आहे. रोजचे सहा पेले, किती दिवस, किती माणसं, तो हिशेब उद्या मुलं फळ्यावर मांडतील. तुम्ही या बघायला. समितीचे अध्यक्ष आहात, वर्गात कधीही येऊ शकता."

मालकांनी त्यांच्याकडे पाहिले. रागाने की थकव्याने, ते मावळत्या उजेडात नीट दिसले नाही. "तुमच्या नेमणुकीचं मी काही सांगत नाही," ते म्हणाले.

"मीही विचारत नाही. उद्या साडेदहाला तास आहे."

"मी घेऊन येईन त्यांना," धाकले मालक अगदी हळू म्हणाले आणि लगेच पुढचा पेला मोजू लागले.

बाईंच्या आईचा नंबर शेवटी आला. तिने फडके पसरले, दाणे घेतले, सहा पेले बघून घेतले. मग चार टोके वर घेतली. दोन जुळली, तिसरे ओढून आणावे लागले, चौथे बोटभर अपुरे पडले. तिने ते दातांत धरले, मान मागे नेली आणि जोर लावला. तिच्या खांद्यातून कळ गेलेली बाईंना दिसली.

"आई, दे, मी बांधते."

आईने दात न सोडताच मान हलवून नको म्हटले. गाठ बसली. तिने ती दोनदा चाचपली, बोचके उचलून डोक्यावर घेतले आणि हाताने सावरून घराच्या वाटेला लागली. फडक्याला चार बोटेही टोक उरले नव्हते.

"चल," ती मागे न बघता म्हणाली, "उद्याचा हिशेब आत्ताच मांडून ठेव. सकाळी वाघीण शाळेत सगळ्यांच्या आधी येऊन बसेल."